रंग घोटायचा म्हणजे नक्की काय करायचं : कागद, चित्र, सोनं, माती, सगळं सविस्तर

परवा एक मैत्रीण तिचं चित्र घेऊन आली, चांगल्या कॉटनच्या कागदावर गॉशमध्ये, म्हणजे डिंकातल्या दाट, अपारदर्शक रंगात केलेलं, मेहनतीचं काम होतं. म्हणाली रंग फार खडूसारखा दिसतोय गं, वरून कुठलं वार्निश मारू? मी म्हटलं काहीच मारू नकोस, पालथं घाल आणि घोट. तिला पालथं घालण्यापासून सगळंच नवीन होतं, मग दोन तास बसून करून दाखवलं, आणि तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून ठेवायचं, कारण मराठीत हे कुठे एका जागी मिळत नाही आणि मला शिकताना फार शोधावं लागलं होतं.

घोटणं हा शब्द आपण रोज वापरतो. वरणाची डाळ घोटतो, मुलांकडून अक्षर घोटून घेतो, पाढे घोटतो. जुन्या पोथ्यांचा कागद हाताला लागला की जाणकार म्हणतात, घोटीव आहे. सगळीकडे अर्थ एकच, त्याच जागेवरून परत परत जायचं, एकसारखं होईपर्यंत. चित्राच्या बाबतीत म्हणजे कडक, गुळगुळीत दगड दाबून फिरवायचा. इथे एक फरक आधी डोक्यात पक्का बसवा. पॉलिश पेपरनं घासलं की वरचा थर निघून जातो, वार्निश मारलं की वर नवीन थर चढतो, घोटल्यावर मात्र काही निघत नाही आणि काही चढतही नाही. जे आहे तेच दबतं, आडवं पडतं. कागदाचे उभे राहिलेले तंतू झोपतात, रंगाचे कण एकमेकांत घट्ट बसतात, मधल्या बारीक फटी बुजतात, आणि आधी उजेड जो खडबडीत पृष्ठभागावरून सैरावैरा उधळत होता तो आता बराचसा एका दिशेनं परत येतो. म्हणून रंग एकदम गडद आणि खोल दिसायला लागतो. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर लघुचित्रांसमोर उभं न राहता जरा बाजूला सरकून तिरकं बघा, रंगावर जी मऊ तकतकी दिसते ती अशी दगडानं दाबून आलेली असते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. लोक दगड कुठला घ्यायचा हे विचारतात. दगड महत्त्वाचा आहेच, पण खरा खेळ ओलीचा आहे. कागद असो, रंग असो, माती असो नाहीतर चुना असो, प्रत्येकाची एक वेळ असते, जेव्हा तो ओला नसतो आणि पार सुकलेलाही नसतो, तेवढ्यातच घोटायचं. ती वेळ ओळखता आली की साध्या गोट्यानंही काम होतं आणि नाही ओळखता आली तर हजारो रुपयांचा अकीकाचा दगडसुद्धा काही करू शकत नाही.

दगड

पारंपरिक घोटणी अकीकाची, म्हणजे अ‍ॅगेटची. मोह्सच्या मोजपट्टीवर याचा कठीणपणा साडेसहा ते सात येतो, म्हणजे साध्या चाकूच्या पात्यापेक्षा कडक, शिवाय दगड इतका घट्ट असतो की त्याला काचेसारखं पॉलिश बसतं आणि टिकतं. गुजरातेत खंभातला अकीकाचं काम पूर्वीपासून चालतं, तिथले अंड्याच्या आकाराचे पॉलिश केलेले दगड बाजारात मिळतात, मुठीत नीट बसेल असा एक घ्या, साधारण कोंबडीच्या अंड्याएवढा किंवा थोडा मोठा. सोन्यासाठी वेगळी बारीक घोटणी लागते, लाकडी दांड्याला पितळी टोपणात बसवलेली, टोकाला कुत्र्याच्या सुळ्यासारखी वाकलेली. तिला बाजारात डॉग टूथच म्हणतात, कारण युरोपात पूर्वी सोनं घोटायला खरंच प्राण्यांचे दात वापरायचे.

पैसे घालायचे नसतील तर आपल्याकडे दगडांची काय कमी. दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांमधे अकीक आणि गारगोट्या खच्चून भरलेल्या आहेत आणि खडक झिजला की त्या नदीत येतात. प्रवरेच्या काठी नेवाशाला अश्मयुगातली हत्यारं सापडली त्यातली बरीच याच जातीच्या दगडांची आहेत, म्हणजे माणसाला हा दगड कामाचा आहे हे फार आधीपासून माहीत आहे. नदीतून गुळगुळीत गारगोटी उचलली तरी ती लगेच वापरू नका. जवळून बघितलं तर बारीक खड्डे असतात. कापसाचा बोळा त्यावरून हलक्या हातानं फिरवा, एखादा तंतू जरी अडकला तरी तो दगड रंग ओरबाडणार. मग हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणायचा, ४००, ८००, १०००, २००० अशा क्रमानं, पाण्याखाली धरून घासत राहायचं. माझी एक गारगोटी अशी तयार व्हायला दोन रविवार गेले, अजून तीच वापरते.

मोठी कवडीही चालते, कागद घोटायला तर छानच, पाठीचा फुगीर भाग वापरायचा. काचेचा पेपरवेट चालतो. स्टीलचा चमचा मात्र रंगावर थेट वापरू नका, विशेषतः पांढऱ्यावर. पांढऱ्या रंगाचे कण धातू खरवडून घेतात आणि करड्या रेघा उमटतात, त्या पुसल्या जात नाहीत. युरोपातले चित्रकार लेप देऊन तयार केलेल्या कागदावर चांदीच्या तारेनं रेखाटन करायचे ते याच गुणामुळे. अ‍ॅल्युमिनियमचा तर विचारही नको.

खाली ठेवायला एकदम सपाट आणि पॉलिश केलेलं काहीतरी लागतं. मार्बलवाल्याकडे कटिंगचे तुकडे पडलेले असतात, फूट बाय दीड फुटाचा एखादा मागून घ्या. संगमरवरी पोळपाटसुद्धा उत्तम, फक्त एकदा रंगाच्या कामाला घेतला की त्याच्यावर परत पोळ्या लाटायच्या नाहीत.

कागद

लघुचित्राचा कागद म्हणजे वसली, तीन-चार पातळ कागद खळीनं एकावर एक चिकटवून केलेला जाड कागद. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुऱ्याला हातकागद बनतो, पुण्यातही हातकागद मिळतो, तसा चिंध्यांच्या लगद्याचा पातळ कागद घ्या. लाकडाच्या लगद्याचा ऑफिसचा कागद घेऊ नका, पिवळा पडतो आणि घोटताना त्याचे पापुद्रे सुटतात. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी सरळ ३०० जीएसएमचा हॉट प्रेस वॉटरकलर पेपर घ्या, तो कारखान्यातच तापलेल्या रुळांमधून दाबून येतो म्हणजे अर्धं घोटकाम झालेलंच असतं. कोल्ड प्रेस किंवा रफ नको, त्याचे दाणे घोटून पूर्ण बसत नाहीत.

खळ करायची तर दोन चमचे मैदा, एक कप पाणी, गुठळी न होता कालवून मंद गॅसवर सारखं ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन काचेसारखी पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची आणि फडक्यातून गाळायची. गाळायचा कंटाळा करू नका, एक गुठळी राहिली की घोटताना तिथे टेंगूळ येतं आणि त्याच्यावरचा रंग सगळ्यात आधी फुटतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर घालू नका, मी चार थेंब लवंगेचं तेल घालते आणि खळ त्याच दिवशी संपवते.

पहिला कागद ओल्या स्पंजनं किंचित दमट करा, खळ पातळ आणि एकसारखी लावा, वर दुसरा कागद मधून कडेकडे तळव्यानं दाबत बसवा, हवेचा फुगा राहिला की संपलं. तीन थर झाले की कडा बोर्डावर चिकटवून सावलीत सुकवा. उन्हात नाही आणि पंख्याखाली तर अजिबात नाही, वरचा कागद आधी आकसतो आणि सगळं धनुष्यासारखं वाकतं. दोनेक दिवस लागतात, पावसाळ्यात चार.

आता घोटायचं. खालची संगमरवरी लादी ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या. हात फिरवून बघा एक कणही लागतोय का. कागद ठेवा, दगड दोन्ही हातांनी धरा, आणि जोर मनगटानं लावू नका, खांद्यातून वजन येऊ द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी मनगट धरतं. पहिले दोन हात अगदी हलके. दगड पुढे ढकलायचा, परत ओढायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. आधी आडवे, मग उभे, मग तिरके, शेवटी गोल. सुरुवातीला खरखर असा आवाज येतो, हळूहळू तो बारीक होतो आणि एका क्षणी आवाज थांबतो, दगड आपोआप घसरायला लागतो. तिथे कागद झाला असं समजा. ए-फोर आकाराला माझी वीस ते तीस मिनिटं जातात, दोन्ही बाजू. मधेमधे कागद खिडकीकडे धरून तिरका बघा, मॅट राहिलेले डाग लगेच दिसतात.

कागद एकदम कडकडीत सुका असेल, म्हणजे मे महिन्यात नागपूरकडे असतो तसा, तर घोटताना कडा मोडतात. रात्री तो एका दमट, नीट पिळलेल्या टॉवेलजवळ प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवा, टॉवेल कागदाला न टेकवता. सकाळी बरोबर मऊ झालेला असतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमधे नेमकं उलटं, कागद दमट असतो आणि दगडाखाली ताणला जाऊन सुरकुततो, तिथे घोटायच्या आधी तो जाड पुस्तकांच्या ढिगात दोन कोऱ्या कागदांमधे एक दिवस ठेवायचा.

तुर्कस्तानात आणि इराणात सुलेखनासाठी कागदाला आहार लावायची पद्धत होती, खळ आणि वर अंड्याचा पांढरा बलक तुरटी घालून, आणि मग दगडानं घोटायचा. अशा कागदावर शाई आत शिरत नाही, वरच राहते, चुकलेलं अक्षर ओल्या बोटानं पुसता येतं. करून बघायचा असेल तर फक्त एवढं लक्षात ठेवा की अंड्याचा थर सुकला की काही दिवसांच्या आत घोटायचा, महिनाभर ठेवून दिलात तर कडक होतो आणि दगडाखाली तडकतो.

रंग, आणि गालाला लावून बघायची गोष्ट

सगळेच रंग घोटता येत नाहीत. डिंकातले रंग, म्हणजे गॉश, वॉटरकलर, घरी कालवलेली खनिज रंगांची पूड, हे घोटता येतात. पोस्टर कलर बऱ्यापैकी. अ‍ॅक्रिलिक नाही, ते सुकल्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, दगडाच्या घर्षणानं गरम होऊन चिकट होतं आणि दगड अडखळतो. ऑइलचा प्रश्नच नाही.

घरी रंग कालवणार असाल तर डिंक बाभळीचा घ्या. किराणा दुकानात लाडवाचा डिंक म्हणून धावड्याचाही मिळतो आणि तो पाण्यात नीट विरघळत नाही, गाठी राहतात. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर ठेवून गाळायचं. रंगात डिंक किती घालायचा यावर घोटाईचं अर्धं यश आहे. थोडा रंग कागदाच्या तुकड्यावर लावून सुकू द्या आणि बोट फिरवा. बोटाला पूड लागली तर डिंक कमी आहे, घोटताना सगळा रंग लादीवर उतरेल. रंग सुकल्यावर आधीच चमकतोय, बारीक चिरा दिसतायत, तर डिंक जास्त झालाय, असा रंग लादीला चिकटून बसतो आणि उचलताना चित्राचा तुकडा खाली राहतो. बोट कोरडं राहिलं पाहिजे आणि रंग मॅट दिसला पाहिजे, तेव्हा प्रमाण बरोबर. एक विनंती पण आहे. हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक आणि जुन्या पद्धतीच्या शेंदुरात शिसं. जुन्या चित्रांत हे सगळे आहेत आणि सुंदर दिसतात, पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर ही पूड खलत बसू नका. आता तसेच दिसणारे बिनविषारी रंग मिळतात, ते वापरा.

क्रम असा. कोऱ्या घोटलेल्या कागदावर पातळ गेरूनं रेखाटन. त्याच्यावर सफेद्याचा अस्तर, दुधासारखा पातळ, खालची रेघ अंधुक दिसेल इतपत. दोन किंवा तीन हात, प्रत्येक वेळी ब्रशची दिशा बदलून. मग पहिली घोटाई, आणि ही पालथी करायची. रंगाची बाजू लादीवर खाली, दगड मागच्या बाजूनं. असं का, तर दगड रंगावरून थेट ओढला तर तो रंगाला बाजूला ढकलतो. पालथं घातल्यावर रंग फक्त लादीवर दाबला जातो, सरकत नाही, आणि लादीचा सपाटपणा त्याच्यात उतरतो.

आता ती ओलीची वेळ. रंग लावलेली बाजू स्वतःच्या गालाला हलकेच टेकवा. गार लागली तर आत पाणी आहे, अजून उडतंय, थांबा. नॉर्मल लागली, आणि कागद किंचित वाकवल्यावर कडकड आवाज आला नाही, तर हीच वेळ. जयपूरला ज्यांच्याकडे मी शिकले ते उस्ताद हे करताना बघून मला आधी वाटलं होतं की ते चित्र लाडानं गालाला लावतायत. मग एका जुलैत पुण्यात घाई झाली, गाल गार लागला होता तरी मी घोटायला घेतलं आणि उचललं तेव्हा निळ्या आकाशाचा तळहाताएवढा तुकडा लादीवर छापला गेला होता. सहा दिवसांचं काम होतं. गाल ही थर्मामीटरपेक्षा चांगली गोष्ट आहे, खरंच वापरा.

पार सुकून दोन-तीन आठवडे झालेला रंग घोटायचा असेल तर? होतो, पण कडक झालेला डिंक दगडाखाली बारीक तडे देतो. मग मागच्या बाजूनं, फक्त मागून, दमट स्पंज एकदा फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि परत गालाची परीक्षा. मैत्रिणीच्या त्या चित्राचं मी हेच केलं. पहिल्यांदा नुसत्या हाताच्या वजनानं, मग थोडा जोर. चार-पाच मिनिटांनी एक कोपरा उचलून बघितला, झाडाचा हिरवा जो दुधाळ होता तो आंब्याच्या जुन्या पानासारखा गडद झाला होता. ती गप्पच बसली बघत.

अस्तरानंतर मोठे सपाट रंग भरायचे, आकाश, जमीन, भिंत, कपडे. प्रत्येक मोठ्या रंगानंतर परत पालथी घोटाई. सगळं रंगवून शेवटी एकदाच घोटू असं करू नका, जाड थर एकदम दबत नाही, वरचा दबतो आणि खालचा भुसभुशीत राहतो, मग काही महिन्यांत पोपडे धरतात. आणि दर वेळी लादी पुसायची, दर वेळी, कारण मागच्या वेळचा वाळलेला रंगाचा एक दाणा राहिला तर चेहऱ्यावर नेमका गालात खड्डा पडतो.

बारीक रेघा, डोळे, केस, दागिने हे शेवटच्या घोटाईनंतर. मोत्यांसाठी घट्ट पांढऱ्याचे उंच ठिपके देतात, ते मुद्दाम उठावाचे असतात, त्याच्यावर दगड फिरला की चपटे झालेच. म्हणून त्याच्यानंतर घोटाई बंद. अगदी एखादी जागा समोरून घोटायची राहिली असेल तर मधे बटर पेपरचा गुळगुळीत तुकडा ठेवून छोट्या दगडानं, तेवढ्यापुरतं.

सोनं

सोन्याचा सगळा देखणेपणा घोटाईतच आहे. शुद्ध सोन्याच्या वर्खाची पूड डिंकात कालवून ब्रशनं लावली की ती मोहरीच्या चटणीसारखी दिसते, मातकट. बघून निराश व्हायला होतं. दगड फिरला की त्याच जागी एकदम सोनं उघडतं.

पूड करायची तर चिनी मातीच्या बशीत घट्ट डिंकाचे चार-पाच थेंब, त्याच्यावर वर्खाचं एकेक पान बोटानं बसवत गोल गोल खलायचं, तासभर तरी. मग कोमट पाणी ओतून रात्रभर ठेवायचं, सोनं तळाला बसतं, वरचं डिंकाचं पाणी अलगद काढायचं, असं दोन-तीनदा. शेवटी अगदी थोडं डिंकाचं पाणी घालून लावायला घ्यायचं. डिंक जास्त राहिला तर कितीही घोटा, सोनं आंधळं राहतं. लावलेलं पूर्ण सुकू द्या, इथे रंगापेक्षा जास्त सुकं लागतं. आधी बटर पेपरवरून हलकं, मग डॉग टूथनं थेट, समोरून, छोट्या वळणांनी. दगड मधेमधे सुती कपड्यावर पुसायचा.

चांदीचा वर्ख स्वस्त म्हणून लोक वापरतात, पण चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते. जुन्या लघुचित्रांत तळी आणि नद्या काळपट दिसतात त्या बऱ्याचदा अशा, मूळची लखलखती चांदी होती. मिठाईवर लावायचा वर्ख चांदीचाच, हेही ध्यानात घ्या. आणि सोनेरी म्हणून मिळणारी पानं पितळेची असतात, ती घोटून उजळत नाहीत, काळवंडतात. सोनेरी अ‍ॅक्रिलिक रंगात अभ्रक असतं, त्यालाही दगड लावून उपयोग नाही.

चौकटीवर किंवा लाकडावर लाल मातीच्या लेपावर वर्ख बसवणाऱ्यांची एक परीक्षा मला फार आवडते. दगडानं त्या जागेवर हलकं टिचकी मारल्यासारखं वाजवायचं. बद्द आवाज आला तर आत ओल आहे, टणक खणखणीत आवाज आला की घोटायला घ्यायचं. पुन्हा ओलच.

माती आणि चुना

मातीचं भांडं घोटायची वेळ म्हणजे अंगठ्यानं दाबलं तर दबत नाही पण नखाची रेघ उठते. चाकावरून उतरवल्यावर हवामानाप्रमाणे एक-दोन दिवसांनी येते. मातीचे कण चपटे, पत्र्यांसारखे असतात, दगड फिरला की ते भांड्याच्या अंगाशी समांतर झोपतात आणि म्हणून चमक येते. लाल हवं असेल तर आधी काव पाण्यात कालवून, बारीक गाळून तिचे दोन-तीन हात द्या. एकदा घोटलं की भांडं सुकताना आकसतं आणि चमक थोडी जाते, तेव्हा अर्धा दिवस थांबून परत एकदा. भट्टी मात्र मंद ठेवायची, ९५० ते १००० अंशांच्या पुढे गेलं की मातीचे कण वितळून एकमेकांत मिसळायला लागतात, आकार बदलतात आणि सगळी चमक उडते. आणि घोटलेलं भांडं दिसतं चकचकीत पण पाणी धरून ठेवत नाही, काचलेप नाही तो, त्यात फुलं ठेवून टेबल खराब करू नका.

चुन्याचं काम फार मोठं आहे, इथे थोडक्यात. राजस्थानात आराईश म्हणतात, मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड, पातळ थर एकावर एक, ओला असतानाच रंग, थापीनं ठोकून मग अकीकानं घोटायचा आणि शेवटी नारळाचं तेल. मोरोक्कोत मराकेशला अशीच पद्धत आहे, तिथे नदीतल्या दगडानं घोटतात आणि ऑलिव्हचा साबण चोळतात, साबण आणि चुना मिळून पाण्यात न विरघळणारा थर होतो, त्यामुळे ती भिंत हमामखान्यातसुद्धा टिकते. करणार असाल तर आधी एका फरशीवर फूटभर करून बघा, आणि हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय चुन्याला हात लावू नका, डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे मातीची जमीन करताना पाणी शिंपडून मुरू देऊन चोपण्यानं चोपायचे, पार सुकल्यावर कुणी चोपत नसे. ज्यांनी आजीला ते करताना पाहिलंय त्यांना चुन्याची वेळ लवकर समजेल असं मला वाटतं.

घरची भिंत

हे उलटं प्रकरण आहे पण खूप जण विचारतात. मॅट इमल्शन मारलेल्या भिंतीवर स्विचबोर्डच्या बाजूला, सोफ्याच्या पाठीमागे, जिन्याच्या वळणावर चकचकीत डाग पडतात आणि ते पुसले की आणखी चकचकतात. तो मळ नाही. ती घोटाई आहे, न मागता झालेली. मॅट रंगात खडूसारखी पूड जास्त असते, तिचे दाणे वर डोकावत असतात म्हणून तो मॅट दिसतो, खांदे आणि हात घासून ते दाणे दबले की तिथे चमक येते. त्यामुळे कोरड्या फडक्यानं रगडू नका, ओल्या मऊ स्पंजनं टिपा. पडलेला डाग परत मॅट होत नाही, तेवढ्यावर टचअप केलं तरी ठिगळ दिसतं, रंगवायचं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत. आणि पुढच्या वेळी जिन्यात, मुलांच्या खोलीत थोड्या चमकीचा, सॅटिन प्रकारचा रंग घ्या.

दगडाची काळजी

काम झालं की घोटणी कोमट पाण्यानं धुवा, साबण नको, कोरडी करा. तेलकट हात लागले असतील तर थोड्या स्पिरिटनं पुसा, नाहीतर पुढच्या चित्रावर तेलाचा डाग जातो आणि त्याच्यावर रंग बसत नाही. मऊ सुती फडक्यात गुंडाळून एकटीच ठेवायची, ब्लेड, किल्ल्या, दुसरे दगड यांच्यात नाही. अकीक कडक असला तरी फरशीवर पडला की कड उडते, आणि तो कपचा इतका बारीक असतो की डोळ्याला दिसत नाही, रंगावर रेघ उमटल्यावरच कळतो. म्हणून पडला की दर वेळी आधी कापसाचा बोळा फिरवून बघायचा, मगच चित्राला लावायचा.